आईवडील निरोगी, मग बाळाच्या गुणसूत्रांत दोष कसा? गर्भातच निदान करणाऱ्या चाचण्या काय सांगतात?

समजा, एका जोडप्याच्या पहिल्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. ते मूल झालं तेव्हा आईचं वय होतं २६. आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत आणि घरात आनंदापेक्षा धास्ती जास्त आहे. सासूबाईंना आठवतंय, मागच्या वेळी पाचव्या महिन्यात ग्रहण पाळलं नव्हतं. नणंदेला वाटतंय, वहिनीच्या माहेरीच काहीतरी असणार. जेनेटिक्सच्या डॉक्टर मात्र एवढंच विचारतात, "पहिल्या बाळाचा कॅरिओटाइप रिपोर्ट जपून ठेवलाय का?"

हा रिपोर्ट म्हणजे बाळाच्या गुणसूत्रांचा फोटो आणि त्याचं वाचन. दुसऱ्या बाळाला धोका शंभरात एक आहे, शंभरात दहा आहे की शंभरात शंभर, हे त्या एका कागदावरून ठरू शकतं. ते कसं, हे या लेखात समजून घेऊ. त्याचबरोबर गर्भातच निदान करणाऱ्या चाचण्या कोणत्या, त्या कधी करायच्या आणि कायदा काय म्हणतो, हेही पाहू.

गुणसूत्रं म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यातली २३ आईकडून येतात आणि २३ वडिलांकडून. शरीर कसं घडवायचं आणि कसं चालवायचं, याच्या सूचना म्हणजे जनुकं. ही हजारो जनुकं या गुणसूत्रांवर असतात.

विश्वकोशाचा २३ खंडांचा संच डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक माणसाकडे या संचाच्या दोन प्रती असतात. मूल होताना आई तिच्याकडच्या प्रत्येक खंडाची एकेक प्रत देते, वडीलही देतात आणि बाळाचा दोन प्रतींचा संच पूर्ण होतो. एखादा खंड जास्त आला किंवा कमी पडला, तर सूचनांचा तोल बिघडतो.

माणसात ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ मध्ये जो हिन त्यो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी दाखवलं. १९५९ मध्ये जेरोम लेज्यून, मार्था गोतिए आणि रेमंड ट्युरपँ या फ्रेंच संशोधकांनी डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा असतं, हे जाहीर केलं. जागतिक डाउन सिंड्रोम दिन २१ मार्चला असतो तो यामुळेच. २१ वं गुणसूत्र तीन वेळा, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख.

दोष योगायोगाचा कधी आणि आनुवंशिक कधी?

'गुणसूत्रांचा दोष' म्हटलं की तो घराण्यातून आला असणार, असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

डाउन सिंड्रोमचंच उदाहरण घेऊ. सुमारे ९५ टक्के बाळांमध्ये २१ वं गुणसूत्र सुटं आणि तीन प्रतींत असतं. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकली, तर असं होतं. ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना होते आणि आईच्या वयानुसार तिची शक्यता वाढते. पंचविशीत ती साधारण १,२५० जन्मांमागे एक असते, ३५ व्या वर्षी सुमारे ३५० मागे एक आणि चाळिशीत सुमारे १०० मागे एक. पण ती घराण्यातून येत नाही. अशा तरुण आईच्या पुढच्या बाळाला धोका साधारण एक टक्का असतो.

एक-दोन टक्के बाळांमध्ये काही पेशींत तीन प्रती आणि काही पेशींत दोन, असं मिश्रण असतं. उरलेल्या तीन-चार टक्के बाळांमध्ये जास्तीचं २१ वं गुणसूत्र सुटं नसतं, दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. याला स्थानांतरण किंवा ट्रान्सलोकेशन म्हणतात. या शेवटच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश बाळांमध्ये ते आई किंवा वडिलांकडून आलेलं असतं. म्हणजे डाउन सिंड्रोमच्या एकूण बाळांपैकी सुमारे एक टक्का बाळांमध्येच कारण आनुवंशिक असतं. प्रमाण लहान आहे, पण ज्या घरात ते आहे तिथे पुढच्या प्रत्येक बाळंतपणाचं गणित बदलतं.

निरोगी माणूस 'वाहक' कसा असतो?

पुन्हा त्या विश्वकोशाकडे जाऊ. समजा एखाद्याकडे १४ वा आणि २१ वा खंड एकाच बाइंडिंगमध्ये बांधला गेला आहे. शिवाय १४ व्या खंडाची एक सुटी प्रत आहे आणि २१ व्याचीही एक. मोजले तर खंड ४६ ऐवजी ४५ भरतात, पण मजकूर पूर्ण आहे. त्यामुळे हा माणूस निरोगी असतो. तो शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो. आपल्या गुणसूत्रांत काही वेगळं आहे, हे त्याला कळायचं काहीच कारण नसतं. अशा माणसाला संतुलित स्थानांतरणाचा वाहक म्हणतात.

अडचण येते ती वाटणीच्या वेळी. त्याने बाळाला दोन्ही सुटे खंड दिले, तर बाळाची गुणसूत्रं नेहमीसारखी. फक्त बांधलेला जोडखंड दिला, तर बाळही वाहक, पण निरोगी. पण जोडखंडही दिला आणि सुटा २१ वा खंडही दिला, तर दुसऱ्या पालकाची एक प्रत धरून बाळाकडे २१ व्याच्या तीन प्रती होतात. हा झाला डाउन सिंड्रोम. अशा बाळाची गुणसूत्रं मोजली तर बरोबर ४६ भरतात, मजकूर मात्र जास्तीचा असतो. म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही, प्रत्येक गुणसूत्राची ठेवण पाहावी लागते. वाटणीचे आणखीही काही प्रकार होतात, पण त्यातले गर्भ टिकत नाहीत आणि लवकर गर्भपात होतो.

दोन गुणसूत्रं अशी टोकाशी जोडली जातात त्याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात. साधारण हजारात एक माणूस त्याचा वाहक असतो. दुसऱ्या प्रकारात दोन गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. त्याचे वाहक साधारण पाचशेत एक असतात.

याखेरीज गुणसूत्राचा अगदी बारीक तुकडा गळालेला असू शकतो. २२ व्या गुणसूत्रावरचा असा एक तुकडा गळाला की हृदयाचे आणि टाळूचे दोष होऊ शकतात. दहातल्या साधारण नऊ बाळांत हा बदल नव्याने झालेला असतो आणि एकात तो आई किंवा वडिलांकडून येतो. त्या पालकाला स्वतःला कधीकधी इतका सौम्य त्रास असतो की बाळाचं निदान झाल्यावरच त्याचं निदान होतं. अशा पालकाच्या प्रत्येक बाळाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते.

वाहक असेल तर बाळाला धोका किती?

एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. कोणती गुणसूत्रं जोडली गेली आहेत आणि वाहक आई आहे की वडील, यावर तो ठरतो.

१४ आणि २१ ची जोडणी असेल आणि वाहक आई असेल, तर गर्भजल परीक्षणात बाळाला डाउन सिंड्रोम आढळण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के असते. वाहक वडील असतील तर ती एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

१३ आणि १४ ची जोडणी सर्वांत जास्त आढळते. तिच्यामुळे डाउन सिंड्रोमचा धोका वाढत नाही. १३ वं गुणसूत्र जास्तीचं असल्याने होणाऱ्या पटाऊ सिंड्रोमचा धोका असतो, पण तोही एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे २१ ची दोन्ही गुणसूत्रं एकमेकांनाच जोडलेली असणं. अशा पालकाकडे द्यायला सुटा २१ वा खंडच नसतो. तो एक तर जोडखंड देतो किंवा काहीच देत नाही. काहीच न मिळालेला गर्भ टिकत नाही. म्हणून या जोडप्याचं जन्माला येणारं प्रत्येक मूल डाउन सिंड्रोम असलेलंच असतं. हा प्रकार फार विरळा आहे. पण तो आहे हे माहीत नसेल, तर कुटुंब 'पुढच्या वेळी ठीक होईल' या आशेवर राहतं.

पहिल्या बाळाच्या रिपोर्टचं महत्त्व इथे कळतं. त्यात २१ वं गुणसूत्र सुटं आणि तीन प्रतींत असेल, तर आईवडिलांचं रक्त तपासायची सहसा गरज पडत नाही. ते चिकटलेलं असेल, तर दोघांचीही तपासणी हवी.

आईवडिलांनी कॅरिओटाइप चाचणी कधी करावी?

ही साधी रक्ताची चाचणी आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जातात. पेशी विभागण्याच्या नेमक्या टप्प्यावर त्यांना थांबवून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं वाचली जातात. पेशी वाढायला वेळ लागत असल्याने रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणून ती गर्भधारणेआधी झालेली बरी.

डॉक्टर ती मुख्यतः अशा वेळी सुचवतात: आधीच्या बाळात स्थानांतरण आढळलं असेल, दोन किंवा अधिक वेळा आपोआप गर्भपात झाला असेल, मृत बाळ जन्मलं असेल किंवा जन्मजात व्यंगं असलेलं बाळ दगावलं असेल, किंवा घरात कोणी वाहक असल्याचं माहीत असेल. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण दोन ते पाच टक्के जोडप्यांत दोघांपैकी एक जण वाहक निघतो.

रक्त दोघांचंही तपासायचं असतं. स्थानांतरण जसं आईकडून येतं, तसंच वडिलांकडूनही येतं. वारंवार गर्भपात झाले की सुनेलाच डॉक्टरांकडे नेलं जातं आणि मुलाचं रक्त तपासायचं कोणाच्या मनातही येत नाही. अशाने अर्धं निदान राहून जातं.

एक जण वाहक निघाला, तर त्याच्या भावंडांनाही सांगायला हवं. त्यांच्यातही कोणी वाहक असू शकतं.

स्क्रीनिंग आणि निदान यात फरक काय?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. गरोदरपणात होणाऱ्या बहुतेक चाचण्या स्क्रीनिंगच्या असतात. त्या धोका जास्त की कमी एवढंच सांगतात. बाळाला दोष आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत.

११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन होतो. यात बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात. त्याच सुमारास आईच्या रक्ताची डबल मार्कर चाचणी होते. दोन्ही मिळून डाउन सिंड्रोमचे ८५ ते ९० टक्के गर्भ हेरले जातात. मात्र निरोगी बाळ असलेल्या शंभरातल्या साधारण पाच जणींचा रिपोर्टही 'हाय रिस्क' येतो. ही वेळ चुकली तर १५ आठवड्यांनंतर क्वाड्रुपल मार्कर चाचणी करता येते. ती थोडी कमी अचूक असते.

रिपोर्टवर '१:२५०' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ असा: अशा २५० गर्भवतींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, २४९ जणींच्या बाळांना नसेल. लाल अक्षरातलं 'हाय रिस्क' पाहून घरात रडारड सुरू होते, तेव्हा हा हिशेब कोणीतरी समजावून सांगायला हवा. नुसत्या स्क्रीनिंगच्या रिपोर्टवर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. खात्री करून घेण्यासाठी निदान चाचणी असते.

एनआयपीटी ९९ टक्के अचूक, मग तीच पुरेशी नाही का?

गर्भवतीच्या रक्तात बाळाच्या बाजूच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यावर आधारलेली एनआयपीटी ही चाचणी २०११ पासून बाजारात आली. दहाव्या आठवड्यापासून फक्त आईच्या रक्तावर ती करता येते. डाउन सिंड्रोमचे ९९ टक्क्यांहून अधिक गर्भ ती हेरते.

पण 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे ९९ टक्के खात्री' असं मात्र नाही. एक हिशेब करून पाहू. समजा दहा हजार तरुण गर्भवतींपैकी दहा जणींच्या गर्भात डाउन सिंड्रोम आहे. चाचणीने त्या दहाही हेरल्या. उरलेल्या ९,९९० जणींमध्ये चाचणी हजारात एकदाच चुकली, तरी दहा जणींचा रिपोर्ट चुकीने पॉझिटिव्ह येईल. म्हणजे वीस पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी दहाच खरे. गर्भवतीचं वय जास्त असेल, तर खऱ्या रिपोर्टचं प्रमाण बरंच वाढतं. म्हणूनच एनआयपीटीही स्क्रीनिंगच आहे. ती पॉझिटिव्ह आली तर गर्भजल परीक्षणाने खात्री करायची असते.

वाहक जोडप्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे. २१ व्या गुणसूत्राचा डीएनए जास्त आहे, एवढंच एनआयपीटी सांगू शकते. ते सुटं आहे की चिकटलेलं, हे ती सांगत नाही. इतर गुणसूत्रांतल्या अदलाबदलीमुळे आलेला असमतोल तर नेहमीच्या एनआयपीटीतून निसटू शकतो. म्हणून आईवडिलांपैकी कोणी वाहक असल्याचं आधीच माहीत असेल, तर डॉक्टर सहसा थेट निदान चाचणी सुचवतात.

निदान चाचणी कशी होते? बाळाला इजा होते का?

निदानासाठी बाळाच्या बाजूच्या पेशी लागतात. त्या मिळवण्याच्या मुख्य पद्धती दोन.

पहिली सीव्हीएस. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीत पाहत पाहत वारेचा, म्हणजे प्लॅसेंटाचा, बारीकसा नमुना घेतात. रिपोर्ट लवकर मिळतो, हा तिचा मोठा फायदा. शंभरातल्या एक-दोन नमुन्यांत मात्र काही पेशी सदोष आणि काही निर्दोष दिसतात. हा फरक फक्त वारेपुरता असू शकतो. अशा वेळी पुढे गर्भजल तपासून खात्री करावी लागते.

दुसरी ॲम्निओसेंटेसिस, म्हणजे गर्भजल परीक्षण. १५ आठवड्यांनंतर पोटातून बारीक सुई घालून साधारण १५ ते २० मिलिलिटर गर्भजल काढतात. त्यात बाळाच्या सुट्या झालेल्या पेशी तरंगत असतात. सुई बाळाला लागू नये म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर ती सतत दिसत असते. काम काही मिनिटांचंच, पण त्यानंतर थोडी विश्रांती घ्यायला सांगतात.

दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो. पूर्वी तो शंभरात एक सांगत. आता अनुभवी हातांत तो दोनशेत एकाहूनही कमी मानला जातो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर चाचणीनंतर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. त्यामुळे रक्तगटाचा कागद सोबत हवा.

गर्भजलातल्या पेशींवरून गुणसूत्रं वाचता येतात, हे १९६६ मध्ये सिद्ध झालं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधील कार्लो व्हॅलेन्टी आणि सहकाऱ्यांनी गर्भजलावरून डाउन सिंड्रोमचं निदान केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. ती गर्भवती स्वतः स्थानांतरणाची वाहक होती. म्हणजे या निदानाच्या सुरुवातीलाच आनुवंशिक दोष असलेलं कुटुंब होतं.

नमुन्यावर कोणत्या तपासण्या होतात?

'गर्भजल तपासलं' एवढं पुरत नाही, त्यावर काय तपासलं हेही पाहावं लागतं. मुख्य तपासण्या तीन.

फिश किंवा क्यूएफ-पीसीआर: दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. पण १३, १८, २१ अशा ठरावीक गुणसूत्रांपुरतंच.

कॅरिओटाइप: सगळी गुणसूत्रं दिसतात. संख्याही कळते आणि जोडण्याही. रिपोर्टला दोन ते तीन आठवडे लागतात.

मायक्रोॲरे: सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे बारीक तुकडे गळालेले किंवा जास्त झालेले यात दिसतात. पण मजकूर पूर्ण असेल आणि फक्त जागा बदलली असेल, तर ते यात दिसत नाही. म्हणजे संतुलित वाहक मायक्रोॲरेत निर्दोषच दिसतो. कधीकधी 'बदल आहे, पण अर्थ निश्चित नाही' असंही उत्तर येतं. मग तोच बदल निरोगी आई किंवा वडिलांमध्ये आहे का, हे तपासून अर्थ लावतात.

यापैकी कोणतीही तपासणी थॅलेसेमिया किंवा सिकलसेल शोधत नाही. ते एकेका जनुकातले दोष आहेत आणि त्यांच्या चाचण्या वेगळ्या. सोनोग्राफी, डबल मार्कर आणि कॅरिओटाइप तिन्ही निर्दोष असूनही बाळाला थॅलेसेमिया असू शकतो. त्यासाठी आईवडिलांच्या रक्ताची हिमोग्लोबिनची विशेष तपासणी लागते.

कायदा काय म्हणतो?

१९८० च्या दशकात मुंबईसह अनेक शहरांत गर्भजल परीक्षणाचा वापर मुलगी असल्यास गर्भपात करण्यासाठी होऊ लागला. महिला संघटना आणि डॉक्टरांनी त्याविरोधात आवाज उठवला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने असा गैरवापर रोखणारा देशातला पहिला कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला. तो १९९६ पासून लागू झाला. २००३ च्या दुरुस्तीनंतर तो पीसीपीएनडीटी नावाने ओळखला जातो.

या कायद्याने चाचणीवर सरसकट बंदी घातलेली नाही. गुणसूत्रांचे दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, हिमोग्लोबिनचे आजार, जन्मजात व्यंगं अशा कारणांसाठी नोंदणीकृत केंद्रात ती करता येते. मात्र त्यासाठी अट लागते: वय ३५ पेक्षा जास्त असणं, दोन किंवा अधिक आपोआप गर्भपात झालेले असणं, घातक औषध, किरणोत्सर्ग किंवा संसर्गाशी संपर्क आलेला असणं, किंवा कुटुंबात आनुवंशिक आजार असणं.

चाचणीचे दुष्परिणाम समजावून सांगून, गर्भवतीला कळेल अशा भाषेत तिची लेखी संमती घ्यावी लागते. त्या संमतीची प्रत तिला मिळायला हवी. कॅरिओटाइपमध्ये प्रयोगशाळेला लिंग दिसतंच, पण शब्दांनी, खुणेने किंवा इतर कोणत्याही मार्गाने ते सांगणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दोष आढळला तर पुढे काय?

पहिली पायरी समुपदेशनाची. कोणता दोष आहे, त्याने काय होऊ शकतं, कोणते उपचार आहेत, हे जेनेटिक्सच्या जाणकाराने जोडप्याला नीट सांगायला हवं. निर्णय मात्र त्याने घ्यायचा नसतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. १६ व्या आठवड्यात गर्भजल काढलं, तर कॅरिओटाइप येईपर्यंत १९ वा आठवडा उजाडतो. १९-२० व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पहिल्यांदा शंका आली, तर रिपोर्ट हातात पडेपर्यंत २२-२३ आठवडे होतात. १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा २० आठवड्यांची होती. त्यामुळे अनेक जोडप्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका ३७ वर्षांच्या महिलेला २६ व्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी नाकारली. गर्भाला डाउन सिंड्रोम होता, पण आईच्या जिवाला धोका नसल्याचं वैद्यकीय मंडळाने कळवलं होतं.

२०२१ मध्ये कायदा बदलला. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि गर्भातले गंभीर दोष हे त्यातलं एक कारण आहे. वैद्यकीय मंडळाने गर्भात लक्षणीय दोष असल्याचं निदान केलं, तर २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. नियमांनुसार मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायद्याला फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची किंवा सासरची नाही. गर्भपात करायला नको असेल, तर कोणी सक्तीही करू शकत नाही.

ज्यांना वाहक असल्याचं आधीच माहीत आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. आयव्हीएफने गर्भ तयार करून, गुणसूत्रांचा समतोल तपासून, मगच तो गर्भाशयात सोडतात. हा मार्ग खर्चिक आहे, दर वेळी यश मिळतंच असं नाही आणि त्यालाही लिंगनिवडीची बंदी लागू आहे.

डाउन सिंड्रोम म्हणजे सगळं संपलं का?

नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा बौद्धिक विकास सावकाश होतो. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, पण त्यातल्या अनेकांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. चांगले उपचार मिळणाऱ्या देशांत या व्यक्तींचं सरासरी आयुर्मान आता साठीच्या घरात गेलं आहे. बोलण्याचे, चालण्याचे उपचार लहानपणीच सुरू झाले, तर ही मुलं शिकतात, कामही करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमतेचा समावेश आहे.

१३ किंवा १८ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असलेली बहुतेक बाळं मात्र पहिलं वर्ष पूर्ण करत नाहीत. म्हणून 'गुणसूत्रांचा दोष' या एका शब्दावर निर्णय होत नाही. दोष कोणता, हे आधी कळायला हवं. काही जोडपी निदान झाल्यावर गर्भ ठेवतात आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात बाळंतपणाची तयारी करतात. तेही निदानामुळेच शक्य होतं.

ग्रहण, नात्यातलं लग्न आणि आईचा दोष

ग्रहणात भाजी चिरल्याने गुणसूत्रं बदलत नाहीत. हे दोष बीज तयार होताना किंवा गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ठरलेले असतात. पाचव्या महिन्यातल्या कोणत्याही कृतीने २१ वं गुणसूत्र जास्तीचं होत नाही.

मामाच्या मुलीशी लग्न केल्याने डाउन सिंड्रोम होतो, असंही मानलं जातं. नात्यातल्या लग्नांमुळे थॅलेसेमियासारख्या जनुकीय आजारांचा धोका खरोखर वाढतो. डाउन सिंड्रोम मात्र मुख्यतः आईच्या वयाशी जोडलेला आहे. 'आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं' हे वाक्यही फारसं खरं धरता येत नाही. स्थानांतरण पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत येऊ शकतं. वाहकांचे गर्भपात झाले, एखादं मूल लहानपणीच गेलं, तर घरात त्याचं कारण कोणी शोधलेलं नसतं.

सुरुवातीच्या जोडप्याकडे परत जाऊ. पहिल्या बाळाचा रिपोर्ट सापडला आणि त्यात सुट्या तीन प्रती असतील, तर दुसऱ्या वेळी धोका साधारण एक टक्का. तिथे आधी स्क्रीनिंग करायचं की थेट गर्भजल परीक्षण, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. चिकटलेलं गुणसूत्र असेल, तर दोघांचंही रक्त लगेच द्यायचं आणि सीव्हीएसची वेळ निघून जाणार नाही हे पाहायचं. रिपोर्ट सापडलाच नाही, तरी वाट बंद होत नाही. पहिलं मूल घरात आहे, त्याचं थोडं रक्त घेऊन ही चाचणी आजही करता येते.